जुने के८३ डिकोडर सीएस३ ला जोडले, आता ५ दाबला की दोन सांधे हलतात

खोक्यातला_रूळ:

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मामांनी त्यांचा मेर्कलिन मॉडेल रेल्वेचा सगळा डिजिटल संसार माझ्या हवाली केलाय. पंधरा वर्षं माळ्यावर पडून होता. त्यात निघालं ते असं: ६०२१ कंट्रोल युनिट, ६०४० कीबोर्ड दोन, के८३ (म्हणजे ६०८३, सांधे हलवणारे डिकोडरचे डबे) पाच, के८४ एक, एस८८ (रुळावर गाडी आली की कळवणारे) दोन, आणि बुटाच्या खोक्यात पिवळ्या-निळ्या वायरींचा असा गुंता की पहिली संध्याकाळ तोच सोडवण्यात गेली. माझ्याकडे स्वतःचा सी-ट्रॅक (मेर्कलिनचे नवे रूळ) आणि सीएस३ (६०२२६, टचस्क्रीनचा कंट्रोलर) आहे. गाड्या छान चालतात, पण सांधे आजवर हातानेच बदलत होतो. (मामा पॉइंट म्हणत नाहीत, सांधे म्हणतात. मलाही तीच सवय लागलीय.)

पाचही के८३ वर मामांनी पांढऱ्या रंगाने १ ते ५ आकडे काढलेत, आणि त्यांच्या वहीप्रमाणे पत्ते (म्हणजे सांध्यांचे नंबर) ओळीने आहेत: पहिला १ ते ४, दुसरा ५ ते ८, तिसरा ९ ते १२, चौथा १३ ते १६, पाचवा १७ ते २०. आतले छोटे खटके वहीशी ताडून पाहिले, सगळे जागच्या जागी आहेत. प्रत्येक डब्याच्या लाल-तपकिरी वायरी रुळाला जोडल्या, प्रत्येकाच्या पहिल्या आउटपुटला एकेक सांधा लावला आणि सीएस३ मध्ये १, ५, ९, १३, १७ हे पत्ते घातले.

आधी काहीच हललं नाही. अर्ध्या तासाने कळलं की पत्ते मी डीसीसी (डिकोडरला संदेश पाठवायची एक भाषा) म्हणून घातले होते. ते मोटोरोला (एमएम, दुसरी भाषा) केले आणि टक्! त्या एका आवाजाने जो आनंद झाला तो काय सांगू. पण पुढे हे असं:

१ दाबला तर काहीच होत नाही. ५ दाबला तर पहिल्या डब्याचा सांधा आणि दुसऱ्या डब्याचा सांधा, दोन्ही एकदम हलतात.
९ मेलेला. कितीही दाबा.
१३ ठणठणीत.
१७ चालतो. पण मग याच डब्याच्या तिसऱ्या आउटपुटला सांधा लावून पाहिला, तर रुळात वीज सोडल्या सोडल्या, काही दाबायच्या आधीच, घुंऽऽ असा आवाज आणि दोन मिनिटांत कॉइल हाताला चटका देईल इतकी गरम. घाबरून प्लग उपटला.

प्रश्न असे. हे डिकोडर नव्या सीएस३ बरोबर चालतच नाहीत का? की माझं सेटिंग चुकतंय? मामांचे कीबोर्ड कुठे वापरता येतील का? त्या बटणांचा स्पर्श टचस्क्रीनला नाही हो. आणि एस८८ च्या सहा तारांच्या पट्टीचं काय करायचं?

---

निळा_सिग्नल:

१ चा ५ होणं ही ओळखीची भानगड आहे. काही कंट्रोलर सांध्यांचे पत्ते मोजताना चाराने पुढे-मागे धरतात. माझ्या झेड२१ कंट्रोलरवर एका जुन्या डिकोडरच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, एक दाबला की पाच हलायचा. सेटिंगमध्ये पत्ते सरकवण्याचा पर्याय शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

झेड२१ वापरणारे कोणी वाचत असतील तर: सांध्याचा प्रत्येक पत्ता डीसीसी की एमएम हे त्यात वेगळं ठरवता येतं, पण २५६ पर्यंतच. त्यापुढचे पत्ते डीसीसीच धरले जातात. के८३ ला डीसीसी अजिबात कळत नाही, त्यामुळे माझेही पहिले दोन तास असेच गेले होते.

---

सरळ_बोलतो:

मी सांगतो ते आवडणार नाही. विकून टाका. एम८३ (के८३ चा नवा अवतार) घ्या. त्याला मोटोरोला आणि डीसीसी दोन्ही कळतं आणि सांध्यांसाठी वेगळा वीजपुरवठा देता येतो. के८३ मध्ये कॉइलची वीज रुळातूनच येते. एका मार्गात सहा सांधे फिरवले की गाड्यांचे दिवे मिचमिचतात. तीस-पस्तीस वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर किती रात्री घालवणार?

---

सांधेवाला:

निळ्या सिग्नला, चाराची भानगड खरी आहे, पण ती डीसीसीतली. शिवाय तसं असतं तर सगळेच डबे सरकले असते. याचा दुसरा डबा ५ लाच हलतो आणि चौथा १३ लाच. कंट्रोलर चुकला तर तो सगळ्यांशी सारखाच चुकेल, एकट्या पहिल्या डब्यावर त्याचा राग कशाला? म्हणजे खोट डब्यात आहे.

खोक्यातल्या रुळा, तू वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, चालवून घे. तुझी लक्षणं वाचून मला बरं वाटलं, कारण ५ ला दोन सांधे हलले यातच उत्तर आहे.

ते आठ खटके म्हणजे आठ बिट नव्हेत. त्या चार जोड्या आहेत: १-२, ३-४, ५-६, ७-८. जोडीतला विषम खटका चालू असेल तर ती जोडी ०. सम चालू असेल तर १. दोन्ही बंद असतील तर २. दोन्ही चालू कधीच ठेवायचे नाहीत. या डब्यातली चिप मोटोरोलाची आहे, प्रोटोकॉलचं नाव त्यावरूनच पडलं, आणि तिला दोन नाही, तीन अवस्था कळतात: खाली ओढलेली, वर ओढलेली आणि मोकळी सोडलेली. म्हणून हिशोब दोनचा नाही, तीनचा.

जोड्यांची वजनं १, ३, ९, २७. जोडीचा आकडा गुणिले तिचं वजन, चौघींची बेरीज, की झाला डिकोडरचा क्रमांक. त्या क्रमांकाला चाराने गुणलं की शेवटच्या सांध्याचा पत्ता.

आता तुझा पहिला डबा घे. १ ते ४ साठी खटके २, ३, ५, ७ चालू. पहिली जोडी १, बाकी सगळ्या ०. बेरीज १. चार एके चार, पत्ते १ ते ४. बरोबर?

समज, खटका २ वर दिसायला चालू आहे, पण आत धातूला धातू लागतच नाही. मग चिपला पहिली जोडी मोकळी दिसते, म्हणजे २. बेरीज २. चार दुणे आठ, पत्ते ५ ते ८. तुझा पहिला डबा स्वतःला दुसरा समजतोय. सीएस३ चा यात काडीचा दोष नाही, तो मोटोरोलाचे तेच जुने संदेश पाठवतोय जे ६०२१ पाठवायचा.

पंधरा वर्षं एकाच जागी बसलेल्या खटक्याच्या आत गंज म्हणा, काजळी म्हणा, धरतेच.

आता तिसरा डबा. ९ ते १२ म्हणजे खटके १, ४, ५, ७. तो मेलेला नसावा, घर बदलून बसला असावा. चारपैकी कुठला खटका दगा देतोय त्यावर तो कुठे सापडेल ते ठरतं:

१ गेला असेल तर १७ ते २०.
४ गेला असेल तर २१ ते २४.
५ गेला असेल तर ८१ ते ८४.
७ गेला असेल तर २२५ ते २२८.

सीएस३ मध्ये १७, २१, ८१, २२५ हे चार पत्ते घाल, एमएम म्हणून, आणि तिसऱ्या डब्याचा सांधा कशाला हलतो बघ. त्याआधी पाचवा डबा पूर्ण काढून ठेव. एक तर त्याचाही पत्ता १७ आहे, तुझा गोंधळ उडेल. आणि दुसरं, तो तापणारा आहे.

त्या तापण्याबद्दल. सांध्याची कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली असते. कीबोर्डवर बोट उचललं की बंदचा संदेश जायचा. सीएस३ मध्ये तो तू ठरवलेल्या वेळेनंतर आपोआप जातो. पण तू काहीच न दाबता घुंऽऽ येतंय, म्हणजे संदेशाचा प्रश्नच नाही, त्या आउटपुटचा ड्रायव्हर (कॉइलला वीज सोडणारा भाग) आतून जोडला गेलाय. पुन्हा कॉइल लावून तपासू नकोस, जळेल. मल्टिमीटर नाहीतर एखादा छोटा दिवा लाव, पिवळ्या आणि लालमध्ये, मग पिवळ्या आणि हिरव्यामध्ये. जो सतत पेटलेला दिसेल तो गेलेला.

---

खोक्यातला_रूळ:

काका (काकाच म्हणतो), ८१!!!

१७, काही नाही. २१, काही नाही. ८१ दाबला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला टक् झालं. मी खुर्चीवरून उठलो. बायको म्हणाली, काय झालं. मी म्हणालो, पाचवा खटका. तिने पुढे काही विचारलं नाही.

पाचव्या डब्याचंही तुम्ही म्हणालात तेच. तिसऱ्या आउटपुटचा लाल सतत चालू, हिरवा ठीक. उरलेली तिन्ही आउटपुटं व्यवस्थित आहेत.

मग सगळ्या डब्यांचे सगळे खटके वीस-वीस वेळा मागे-पुढे केले. पहिला डबा लगेच सुधारला, १ ला हलतो, ५ ला गप्प. तिसराही ९ ला आला. पण काल रात्री परत गेला! आज सकाळी पुन्हा ८१. आता काय? खटक्यांचा तो ठोकळाच बदलू का? सोल्डरिंग येतं मला, पण सोळा पाय सोडवायचे आणि तेही जुन्या बोर्डावर म्हटलं की हात थरथरतात.

---

सांधेवाला:

हात थरथरत असतील तर नकोच. आणि गरजही नाही.

मामांना ९ ते १२ हाच पत्ता का हवा होता? कारण त्यांच्याकडे दोन कीबोर्ड होते. एका कीबोर्डवर सोळा सांधे, दोनांवर बत्तीस. त्यांच्या जगात १ ते ३२ च्या बाहेर काही नव्हतंच. डबा ८१ वर गेला की त्यांच्यासाठी तो मेलाच. तुझ्या सीएस३ ला मोटोरोलाचे ३२० पत्ते आहेत. तुला ९ काय आणि ८१ काय?

म्हणून पाचवा खटका आपल्या हाताने बंद कर. बंद म्हणजे पक्का मोकळा, मग तो कधी लागतो, कधी लागत नाही हा लपंडाव संपला. पत्ते ८१ ते ८४, कायमचे. सहावा खटका चांगला लागत असेल तर दुसरा रस्ताही आहे: ५ बंद, ६ चालू. मग ३ अधिक ९, बारा. पत्ते ४५ ते ४८. मी पहिलाच घेईन. जो खटका बंद आहे त्याला बिघडायला जागा नाही.

एक गोष्ट मात्र कर. पत्ता बदललास तर डब्याच्या झाकणावर लिही. वहीत नाही, झाकणावर. मी एकदा वहीत लिहिलं होतं.

सरळ_बोलतो यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. के८३ वीज रुळातूनच ओढतो, त्यामुळे मार्ग लावताना सगळे सांधे एका दमात फिरवू नकोस, मधे थोडी उसंत दे. मोठा यार्ड करणार असशील तर तिथे एम८३ आणि वेगळा पुरवठा हेच शहाणपण. पण पाच डब्यांतले चार पूर्ण चांगले असताना विकून टाका म्हणणं म्हणजे सायकलची चेन पडली म्हणून सायकल भंगारात घालणं.

---

सरळ_बोलतो:

चेन बसवता येणाऱ्याने बसवावी. मला हा तीनचा हिशोब आज पहिल्यांदा कळला, हे कबूल. माझ्या कपाटात दोन "मेलेले" के८३ आहेत. आज रात्री कोणत्या पत्त्यांवर शोधू ते आता मांडायला बसतोय.

---

निळा_सिग्नल:

माझं निदान चुकलं, मान्य. पण एक भर घालतो: झेड२१ वर हा घर बदलायचा खेळ २५६ च्या आतच करा, वर लिहिलंय त्या कारणाने. म्हणजे डिकोडरची बेरीज ६४ च्या पुढे जाऊ देऊ नका.

आणि सगळे डबे एकदमच गप्प झाले तर खटके उघडायच्या आधी रुळावर मोटोरोला प्रोटोकॉल चालू आहे ना ते बघा. गाड्या एमएफएक्सच्या (मेर्कलिनची नवी भाषा) किंवा डीसीसीच्या असल्या की काही जण मोटोरोला बंद करून ठेवतात. गाड्या मजेत धावत राहतात आणि सांधे मात्र ठप्प.

---

खोक्यातला_रूळ:

काका, कीबोर्डचं राहिलंच. ६०२१ आणि सीएस३ एकाच रुळाला जोडले तर?

---

सांधेवाला:

अजिबात नाही. दोन कंट्रोलर एका रुळावर म्हणजे दोन जण एकाच नळीत दोन्ही बाजूंनी फुंकताहेत. काहीतरी जळेल, आणि जळेल ते महाग असेल. त्याच ओघात: ६०२१ चा जुना एसी ट्रान्सफॉर्मर सीएस३ ला चुकूनही लावू नकोस. त्याला त्याचा स्वतःचाच अडॅप्टर लागतो.

कीबोर्डचा मोह असेल तर संसार वेगळे कर. गाड्या आणि रूळ सीएस३ कडे. सांधे सगळे ६०२१, त्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, कीबोर्ड आणि के८३ यांच्याकडे. के८३ ची लाल-तपकिरी जोडी रुळाला न लावता टेबलाखालून फिरवलेल्या वेगळ्या दोन वायरींना जोड, आणि त्या दोन वायरी ६०२१ ला. रुळाशी कुठेही संबंध येता कामा नये. तुझा सी-ट्रॅक आहे म्हणून हे सोपं आहे. जुन्या पत्र्याच्या एम-ट्रॅकच्या सांध्यात दिवा असतो, आणि त्या दिव्याचं एक टोक रुळाच्या पत्र्याला टेकलेलं असतं. तिथे हे दोन संसार चोरवाटेने एकत्र येतात. एम-ट्रॅकवाल्यांनी आधी त्याचा बंदोबस्त करावा.

तोटा असा की मग सीएस३ ला सांधे कुठे वळलेत ते कळणार नाही. मार्ग लावता येणार नाहीत, पडद्यावरचं चित्र खोटं दाखवेल. आणि कीबोर्ड १ ते ३२ वरच लावलेले ठेवलेस तर तिसरा डबा परत बत्तिसाच्या आत आणावा लागेल, म्हणजे पाचवा खटका दुरुस्त करणं आलं. काय हवं ते तू ठरव. माझ्याकडे असंच वेगळं चालतं, कारण मला बटण दाबायला आवडतं आणि पडदा चष्म्याशिवाय दिसत नाही.

के८४ बद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. दिसायला तो के८३ चा भाऊच, पण त्याच्यात रिले आहेत. एकदा चालू केला की पुढचा संदेश येईपर्यंत चालूच. दिवे, मोटर यांसाठी. वीज त्याला बाहेरून द्यायची, तो फक्त जोडतो-तोडतो. त्याच्यावर सांधा लावलास तर पाचव्या डब्याची गोष्ट पुन्हा घडेल, आणि या वेळी डबा निर्दोष असेल.

एस८८ जोडायला ६०२२६ च्या मागे थेट सॉकेट नाही, मधे एल८८ (६०८८३) घ्यावा लागेल. तुझा जुना एस८८ (६०८८) त्यावर चालतो. पट्टी लांब ओढू नकोस आणि रुळाच्या वायरींना चिकटवून नेऊ नकोस, नाहीतर नसलेल्या गाड्या आल्यासारखं दाखवतो.

---

खोक्यातला_रूळ:

संसार एकच ठेवायचं ठरवलं. मार्ग लावायचेत मला. कीबोर्ड शोभेला समोर ठेवलेत, अधूनमधून उगाच दाबतो.

तिसरा डबा आता ८१ ते ८४, पाचवा खटका बंद. चार दिवस झाले, एकदाही चुकला नाही. पाचव्या डब्याच्या तिसऱ्या आउटपुटच्या दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावलीय आणि झाकणावर लिहिलंय. सांध्यांना वेळ आधी अर्धा सेकंद दिला होता, तो पाव सेकंदावर आणला. तरी सगळे पूर्ण फिरतात आणि कॉइल गार राहते.

काल मामांना फोन करून सगळं सांगितलं, तीनचा हिशोब, ८१, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, तो नऊ नंबर ना? तो अडकायचाच. मी झाकणावर टिचकी मारायचो, की चालायचा."

फोन ठेवल्यावर डबा दिव्याखाली धरून पाहिला. झाकणाचा रंग एकाच ठिकाणी घासून गेलाय. पाचव्या खटक्याच्या बरोबर वर.